खुलासा : इलाय मॅनिंगला जायंट्सने निवडलं नव्हतं

‘2004च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क जायंट्सला इलाय मॅनिंग पहिल्याच क्रमांकावर आयता मिळाला’ असं फिरतंय. साफ चूक. अमेरिकन फुटबॉलच्या त्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, पहिली निवड सॅन दिएगो चार्जर्स या संघाची होती. तिकडे खेळणार नाही, हे मॅनिंगकडून आधीच कळवलं गेलं होतं. तरी त्यांनी त्याचंच नाव पुकारलं. मंचावर त्याने जर्सी हातात धरली, टोपी मात्र डोक्यावर चढवली नाही.

जायंट्सने चौथ्या क्रमांकावर फिलिप रिव्हर्स या खेळाडूला घेतलं आणि त्याला देऊन मॅनिंगला आणलं. वर त्या वर्षीची तिसऱ्या फेरीची आणि 2005ची पहिल्या व पाचव्या फेरीची निवडही, म्हणजे त्या फेरीत खेळाडू निवडण्याचा आपला हक्कही, चार्जर्सना दिला. एवढ्या धाडसाला ‘आयता’ म्हणणं मला पटत नाही. चार्जर्सही रिकाम्या हाताने परतले नाहीत. रिव्हर्सने पुढे त्यांचा संघ वर्षानुवर्षं सांभाळला.