स्वाकोपमुंडचे वाळवंट कुऱ्हाडीने झालेले नाही

तपोवनातील वृक्षतोडीचा वाद पेटल्यापासून नाशिकच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो आहे. नामिबियातील स्वाकोपमुंड हे किनाऱ्यावरचे गाव पूर्वी घनदाट जंगलात होते, जर्मनांनी झाडे तोडली, पाऊस थांबला, आता तेथे पन्नास अंशांच्या उन्हात लोक धुके गोळा करून तहान भागवतात आणि नाशिकचीही तीच गत होणार, असा त्याचा आशय आहे. तपोवनातील झाडे राहावीत असे मलाही वाटते. पण हा मजकूर जवळजवळ प्रत्येक वाक्यात चुकतो, आणि अशा पुराव्याने आपलीच बाजू लंगडी होते.

जंगलाची गोष्ट आधी निकालात काढू. जर्मनांनी हे बंदर १८९२ मध्ये वसवले, कारण जवळचे वॉल्विस बे इंग्रजांच्या ताब्यात होते. नामिब वाळवंट मात्र किमान ५० लाख वर्षांपासून कोरडे आहे. तोडायला तेथे जंगलच नव्हते.

मग समुद्र दाराशी असून पाऊस का नाही? समुद्र जवळ असणे पुरेसे नसते. त्याचे पाणी किती उबदार आहे आणि वारा कोठून वाहतो, यावर सारे ठरते. या किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो, आणि दक्षिणेकडून येणारे वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटत असल्यामुळे खालचे आणखी थंड पाणी वर येते. त्यावरची हवा गार, जड होऊन खालीच राहते. वरून दक्षिण अटलांटिकवरील जास्त दाबाच्या पट्ट्यातली हवा खाली उतरते आणि उतरताना तापते, म्हणजे गार हवेवर उबदार हवेचे झाकणच बसते. दमट हवा वर चढू शकत नाही, त्यामुळे पावसाचे उंच ढग तयार होत नाहीत. होते ते फक्त धुके. पूर्वेकडून, हिंदी महासागरावरून येणारी वाफ तर खंड ओलांडताना आणि पठाराच्या कड्यावरून उतरताना बहुतांशी संपलेली असते. म्हणूनच वर्षाचा सरासरी पाऊस २० मिमीच्याही आत राहतो.

पन्नास अंशांचा दावा तर अगदी उलटा आहे. त्याच थंड पाण्यामुळे स्वाकोपमुंडची हवा वर्षातले बहुतेक दिवस १५ ते २५ अंशांच्या आसपास असते आणि उन्हाळ्यात देशाच्या आतल्या भागातले लोक गारव्यासाठी तेथे येतात. अपवाद हिवाळ्यातल्या पूर्वेच्या वाऱ्याचा. पठारावरून उतरताना तो दर शंभर मीटरला सुमारे एक अंश तापतो आणि वाळू उडवत गावावर येतो. आपल्या एप्रिल-मेमधल्या दुपारी स्वाकोपमुंडकरांना सोसवणार नाहीत, असे खुशाल म्हणावे.

धुक्यावर जगतात ते तेथले काही भुंगेरे आणि वनस्पती. एका जातीचा भुंगेरा वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावर डोके खाली करून उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब तोंडाकडे ओघळू देतो. माणसांचे पाणी येते ते ओमारुरूसारख्या बहुतेक काळ कोरड्या नद्यांच्या वाळूखालच्या भूजलातून, आणि २०१० पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा प्रकल्पही जवळच उभा आहे. तो मुळात युरेनियमच्या खाणीसाठी बांधला गेला होता.

राहिला नाशिकचा प्रश्न. आपल्याकडचा पाऊस उबदार अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे आणतात आणि सह्याद्री तो वाटून देतो: इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर, तेथून पन्नास किलोमीटरच्या आतल्या नाशिक शहरात साधारण ७०० मिमी, आणि पूर्वेला येवल्याकडे त्याहूनही कमी. हा फरक झाडांनी घातलेला नाही, डोंगराने घातला आहे, आणि तपोवनातल्या तोडीने मोसमी वाऱ्यांची वाट बदलणार नाही. जाईल ती वैशाखातली सावली, पक्ष्यांचा आसरा आणि गोदाकाठची माती धरून ठेवणारी मुळे. महापालिकेपुढे आक्षेप नोंदवायला ही कारणे पुरेशी आहेत.