कोकणाच्या आभाळात कधीच न आलेलं विमान

मार्चमध्ये हापूसच्या पेट्या निघायला लागतात आणि आमच्या ग्रुपवर एमएच 370 निघतं, म्हणजे 2014 च्या मार्चमध्ये गायब झालेलं मलेशियाचं विमान. दर वर्षी. या वेळी मेसेज आमच्याच वाडीतल्या एका काकांनी टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि "सत्य लपत नाही". माझं मालवणात बंदराजवळ दुकान आहे. दोर, जाळी, बोये, जीपीएस, फिश फाइंडर असलं सामान. त्यामुळे दुपारपर्यंत चार जणांनी विचारलं, "तू यंत्रां विकतस, मगे सांग बघया, ह्यां खरां काय?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

मेसेज थोडक्यात असा: मलेशियाचं ते विमान बुडालंच नाही. ते मालदीववरून खालून उडत गेलं, कोकणासमोरच्या समुद्रात पहाटे खलाशांनी आवाज ऐकला, आणि अमेरिकेने ते हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या आपल्या लष्करी तळावर उतरवून घेतलं. नकाशा उघडा, दिएगो गार्सिया रत्नागिरीच्या सरळ खाली आहे! प्रवाशांचे फोन चार दिवस वाजत होते. गाडीची नंबरप्लेट वाचणाऱ्या उपग्रहाला अख्खं विमान दिसत नाही? सापडलेले तुकडे नेऊन टाकलेले आहेत. हिंदी महासागरात खरंच पडलं असतं तर आपल्या किनाऱ्याला एक तरी तुकडा लागला असता.

नकाशाचं बरोबर आहे. दिएगो गार्सिया रत्नागिरीच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, सुमारे 2,700 किलोमीटरवर. पण नकाशावर एक रेघ सरळ आली म्हणून विमान त्या रेघेवरून गेलं, असं होत नाही.

आता त्या रात्रीचं बघू. 8 मार्च 2014, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं बोइंग 777, आत 239 माणसं, त्यांत 5 भारतीय. पुढच्या सगळ्या वेळा मलेशियाच्या, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढच्या. 1:19 ला वैमानिकांचं शेवटचं बोलणं झालं. दोनेक मिनिटांत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र, बंद. मलेशियाच्या लष्करी रडारवर मात्र ते उलटं वळून, द्वीपकल्प ओलांडून, पिनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत जाताना दिसतं. 2:22 ला रडारच्याही टप्प्याबाहेर.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर विमान गप्प झालं असं सगळे धरून चालतात, आणि घोळ तिथेच होतो. गप्प झाली ती माणसं. विमानातलं उपग्रहाशी बोलणारं यंत्र सकाळी 8:19 पर्यंत उत्तर देत होतं.

हे शाळेतल्या हजेरीसारखं असतं. बराच वेळ काही बोलणं झालं नाही की इनमारसॅट या उपग्रह कंपनीची यंत्रणा उपग्रहामार्फत विमानाला विचारते, "आहेस ना?" विमानातलं यंत्र आपोआप म्हणतं, "हजर." बस, एवढंच. कुठे आहे ते सांगत नाही. पण प्रश्न गेला आणि "हजर" परत आलं, यात किती वेळ गेला त्याची नोंद राहते, आणि त्या वेळेवरून उपग्रह आणि विमान यांच्यातलं अंतर निघतं. माझ्याकडचा फिश फाइंडर हेच करतो: आवाज खाली सोडतो, परत यायला लागलेला वेळ मोजतो, त्यावरून खोली सांगतो. फरक इतकाच की फिश फाइंडर सरळ खाली बघतो, उपग्रहाला दिशा कळत नाही. म्हणून हातात ठिपका येत नाही, नकाशावर कडं येतं. विमान त्या कड्यावर कुठेतरी.

शेवटचं कडं, 8:19 चं, उपग्रहाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून साधारण 4,900 किलोमीटरवर पडतं. आता काकांचा नकाशा घेऊ. दिएगो गार्सिया त्याच बिंदूपासून सुमारे 1,200 किलोमीटरवर आहे. मालवण सुमारे 2,000. विमान दिएगो गार्सियाच्या धावपट्टीवर उभं असतं किंवा आमच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावरून चाललं असतं, तर "हजर" कितीतरी लवकर परत आलं असतं. नोंद तसं म्हणत नाही. एवढ्यावरच मेसेजाचा पहिला अर्धा भाग बाद होतो.

कड्याची उत्तरेकडची बाजू मध्य आशियात जाते, दक्षिणेकडची ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला खोल समुद्रात. त्यातली दक्षिणेची निवडली ती त्याच संदेशांच्या लहरींमध्ये विमानाच्या वेगामुळे पडलेल्या फरकावरून. गाडी जवळ येताना आणि लांब जाताना हॉर्न वेगळा ऐकू येतो ना, तेच. शिवाय 8:19 चा संदेश नेहमीच्या हजेरीचा नव्हताच. यंत्र बंद पडून पुन्हा चालू झाल्यावर स्वतःहून जोडणी मागतं, तो तसा होता. उड्डाणाला तोवर साडेसात तास उलटून गेले होते. इंधन संपून वीज गेली आणि क्षणभर परत आली, याच्याशी ते तंतोतंत जुळतं.

मालदीवची गोष्ट मात्र कुणी मुद्दाम रचलेली नाही. कुडाहुवाधू बेटावरच्या लोकांनी त्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास एक मोठं विमान खालून जाताना पाहिल्याचं खरोखर सांगितलं होतं. पण मालदीवचे सव्वासहा म्हणजे मलेशियाचे सव्वानऊ. तोवर शेवटचा संदेश येऊन जवळजवळ तास झाला होता. त्यांनी विमान पाहिलं असेल, हे नव्हे. आणि कोकणातल्या खलाशांनी आवाज ऐकल्याचं म्हणाल, तर 8:19 म्हणजे आपले पहाटेचे 5:49. त्या वेळी इथे रापणीची माणसं जाळं घेऊन पाण्यात असतात. विमानाचे आवाज ती रोज ऐकतात, मुंबई-गोवा दोन्हीकडची विमानं वरूनच जातात.

फोनचं दोन ओळींत आवरतो. समोरचा फोन सापडेपर्यंत आपल्या कानात वाजणारी रिंग आपलंच नेटवर्क वाजवतं. आंबोली घाटात असलेल्या माणसाला कधी फोन लावलाय? इकडे रिंग, तिकडे त्याला पत्ता नाही. फोनची खरी नोंद एकच: 1:52 ला सहवैमानिकाचा मोबाइल पिनांगच्या टॉवरला क्षणभर लागला. तीही रडारच्या मार्गाला धरूनच आहे.

नंबरप्लेटवाले उपग्रह काही शे किलोमीटरवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि सांगितलेल्या पट्ट्याचे फोटो काढतात. भर समुद्रावर रात्रभर चित्रीकरण करत बसलेला उपग्रह नसतो. ज्याच्याशी विमान बोलत होतं तो 36,000 किलोमीटरवर होता आणि त्याला डोळेच नव्हते, फक्त कान. किनाऱ्यावरचं रडारही तीन-चारशे किलोमीटरपलीकडे बघत नाही. समुद्रात हरवायला एवढं लांब जावं लागतं असंही नाही. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईच्या इतक्या जवळ बुडाली, सहाशेवर माणसं गेली, तरी शहराला कळायला कित्येक तास गेले.

आता तुकडे. ह्यावर मला जास्त बोलायचंय, कारण हे आमच्या धंद्यातलं आहे.

29 जुलै 2015 ला रीयुनियन बेटावर पंखाचा एक भाग मिळाला, फ्लॅपेरॉन. त्याच्या आतल्या भागांवरचे क्रमांक तो बनवणाऱ्या स्पेनमधल्या कारखान्याच्या नोंदींशी जुळले. पुढच्या वर्षी टांझानियाच्या पेंबा बेटावर पंखाची मोठी झडप मिळाली, तीही क्रमांकांवरून याच विमानाची ठरली. बाकी मोझांबिक, मादागास्कर, दक्षिण आफ्रिका, मॉरिशसचं रॉड्रिग्स. फ्लॅपेरॉनवर बार्नेकल चिकटले होते. पावसाळी बंदीत होडी वर ओढली की तिच्या बुडाला जे पांढरे, धारदार, शंखासारखे जीव खरवडत बसावं लागतं, त्यांचे हे भाऊबंद. जात वेगळी: आपले बुडाला घट्ट बसतात, ते देठावर लोंबतात आणि तरंगत्या वस्तू शोधून धरतात. काकांचा मेसेज मी दुकानात आलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, वाचून दाखवला. ते पत्र्याने होडी खरवडून आले होते, मनगटापर्यंत ओरखडे. म्हणाले, "चार म्हयने पाण्यात ऱ्हवली काय ह्यां असां होता. अमेरिकेचो मानूस काय एकेक शिंपलो गोंदान चिकटवूक बसलेलो?"

आणि आपल्याकडे तुकडा का नाही? 18 ऑगस्ट 2022 आठवतंय? हरिहरेश्वरला एक रिकामी यॉट लागली, आत एके-47. त्या दिवशी याच ग्रुपवर दुपारपर्यंत अतिरेकी उतरले होते, संध्याकाळपर्यंत त्यांची संख्याही ठरली होती. निघालं काय? ती ऑस्ट्रेलियन मालकीची होती, मस्कतहून युरोपला निघालेली. 26 जूनला इंजिन बंद पडलं, आतल्या माणसांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं आणि यॉट वाऱ्यावर सोडून दिली. साडेसात आठवड्यांत ती थेट रायगडात. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा अरबी समुद्राचं वरचं पाणी आपल्याकडे ढकलतो, म्हणून ओमानकडचं आपल्या दारात येतं. दरवर्षी वाळूत पाय काळे करणारे डांबराचे गोळेही त्याच वाटेने येतात.

पण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला पडलेली वस्तू या वाटेवर नसतेच. तिथलं पाणी घड्याळाच्या उलट फिरतं: ऑस्ट्रेलियाच्या बाजूने उत्तरेकडे, मग विषुववृत्ताच्या दक्षिणेने पश्चिमेला, मादागास्कर आणि आफ्रिकेकडे. तुकडे सापडलेल्या जागांची यादी पुन्हा वाचा. सगळ्या त्याच वाटेवर आहेत, आणि रीयुनियनला पोचायला लागले सोळा-एक महिने. मालवणच्या दांड्यावर फ्लॅपेरॉन सापडलं असतं, तर मात्र मी स्वतः काकांच्या बाजूने उभा राहिलो असतो.

"मग शोध का थांबवला?" असंही मेसेजच्या शेवटी आहे. जानेवारी 2017 पर्यंत 1,20,000 चौरस किलोमीटर तळ सोनारने, म्हणजे आवाज सोडून तळ बघणाऱ्या यंत्राने, पाहिला, 2018 मध्ये ओशन इन्फिनिटी या कंपनीने आणखी 1,12,000. आपला कोकण विभाग साधारण 30,000 चौरस किलोमीटर. म्हणजे साडेसातहून जास्त कोकणं. खोली चार हजार मीटरच्या आसपास, तांडेलांच्या भाषेत दोन हजारांवर वाव. आमच्या होड्या शंभर वावाच्या पुढे क्वचितच जातात. त्या शोधात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेली जहाजं सापडली, विमान नाही. एअर फ्रान्सचं 447 हे विमान अटलांटिक महासागरात कुठे पडलं ते 2009 साली बऱ्यापैकी माहीत होतं, तरी तळावरचे अवशेष मिळायला 2011 उजाडलं. 2025 मध्ये मलेशियाने त्याच कंपनीशी नवा करार केला: 15,000 चौरस किलोमीटर, सापडलं तरच 7 कोटी डॉलर. लपवाछपवी करणारा कुणी असं बक्षीस लावत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर तासाभराने आलं: "बरां. पण मगे इमान वळवल्यान कोणी?"

हा प्रश्न मात्र अगदी बरोबर आहे. जुलै 2018 च्या मलेशियाच्या अहवालानेही त्याचं उत्तर दिलेलं नाही. वळण हाताने घेतलेलं दिसतं, तिसऱ्या कुणाचा हात नाकारता येत नाही, कारण ठरवता येत नाही, इथे तो थांबतो. आणि उद्या ब्लॅक बॉक्स वर आले तरी वळणाच्या वेळी कॉकपिटमध्ये कोण काय बोललं, ते त्यात बहुतेक नसणार. आवाजाची पेटी शेवटचे दोन तासच जपून ठेवते, जुनं पुसून वर नवं भरत जाते, आणि वळणानंतर विमान जवळजवळ सात तास उडत होतं. उड्डाणाची माहिती नोंदवणारी दुसरी पेटी 25 तासांचं ठेवते. कोणता खटका कधी दाबला गेला, हे तिच्यात असेल.