ऑटोमॅटिक घ्यायचीय, पण कुठली?

अठरा वर्षं मॅन्युअल चालवून पहिल्यांदा ऑटोमॅटिकमध्ये बसलो आणि पहिल्याच सिग्नलला घोळ घातला. गाडी थांबवताना सवयीने डावा पाय क्लचवर गेला. क्लच नव्हताच, तिथे होतं ब्रेकचं रुंद पेडल, आणि पाय पडला तो क्लच दाबायच्या जोराने. गाडी जागच्या जागी खिळली, मागच्याने हॉर्नचा कोकलाट केला आणि बायकोच्या मांडीवरची पर्स थेट डॅशबोर्डवर. तेव्हापासून डावा पाय पार सीटखाली ओढून बसतो.

तर, "मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: ऑटोमॅटिक म्हणजे नेमकी कुठली? या एका नावाखाली चार वेगळ्या जातीची यंत्रं विकली जातात आणि घेणाऱ्याला ते बऱ्याचदा पहिल्या चढावर कळतं.

सगळ्यात स्वस्त असते ती एएमटी. तिचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही तोच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी कॉम्प्युटर करतो. गिअर बदलताना एएमटी मान हलवते अशी तक्रार सगळे करतात. खरं तर आपण स्वतः गिअर टाकतो तेव्हाही क्षणभर ताकद तुटतेच, पण ती कधी तुटणार हे आपल्याला आधी ठाऊक असतं. इथे ते यंत्र ठरवतं. बदलाच्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडला की धक्का बराच कमी होतो. मात्र चढावरच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवाल, तर हाफ क्लचमध्ये प्लेट जळते. अगदी मॅन्युअलसारखीच.

टॉर्क कन्व्हर्टरची गोष्ट वेगळी. एक टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर वाऱ्याने तोही फिरायला लागतो ना? तेच इथे, क्लचच्या जागी, तेलात होतं. मुंगीच्या पावलाने सरकताना घासायला क्लच प्लेटच नसते. तेलातून ताकद पोचवायची ही पद्धत 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल या अमेरिकन गाडीत हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला तेव्हापासून मुरलेली आहे. पूर्वी हे प्रकरण पेट्रोल फार प्यायचं. आता वेग घेतल्यावर आतले दोन्ही भाग एकमेकांना लॉक होतात, त्यामुळे तो फरक बराच कमी झालाय.

सीव्हीटीत गिअरच नसतात, व्यास बदलणाऱ्या दोन पुली आणि पट्टा. जोरात दाबलं की आधी इंजिन ओरडतं आणि गाडी मागून निघते, पण शांतपणे चालवणाऱ्याला याहून मऊ काही नाही. (1958 च्या डाफ या डच कंपनीच्या गाडीत ही यंत्रणा होती आणि ती जितकी पुढे पळायची तितक्याच वेगाने मागेही पळू शकायची!) डीसीटीत दोन क्लच, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. मोकळ्या रस्त्यावर झकास, पण ड्राय क्लचवाली, म्हणजे क्लच तेलात न बुडलेली, असेल तर रखडत्या ट्रॅफिकमध्ये तापते.

"खरं ड्रायव्हिंग मॅन्युअलवरच," हे मात्र मला पटत नाही. 1928 मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवून देणारी यंत्रणा, आणला. त्याआधी गिअर खाली आणायचा तर दोनदा क्लच दाबून मध्ये न्यूट्रलला रेस द्यावी लागायची. त्या ड्रायव्हरांनी आपल्यालाही आळशीच म्हटलं असतं. शिकावं मात्र मॅन्युअलवर. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली तर मॅन्युअल चालवायची परवानगीच मिळत नाही.

माझा रोजचा रस्ता म्हणजे थांब-सरक, थांब-सरक, आणि डावा गुडघा कुरकुरणारा. म्हणून मी टॉर्क कन्व्हर्टर घेतली. रोज मोकळा रस्ता मिळत असता, तर आजही मॅन्युअलच घेतली असती. उतारावर दुसरा टाकून गाडी इंजिनवर उतरवण्याची मजा औरच.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन हटकून सरळ, रिकाम्या रस्त्यावर नेतो. तुम्ही चढ मागा. मध्यावर थांबा आणि ब्रेकवरून पाय उचला. एका एएमटीत मी हेच केलं. गाडी मागे सरकायला लागली, आणि इतका वेळ "एकदम स्मूथ आहे सर" म्हणणाऱ्या सेल्समनचा हात माझ्याआधी हँडब्रेकवर पोचला होता.