माझ्या इंजिनाचे पत्रे कुठे गेले?

दुसऱ्याच्या गाडीतला एखादा भाग कशासाठी आहे हे आपल्याला कळत नसेल, तर तो फेकून द्यायचा हक्क आपल्याला कोणी दिला? विचारायचं नाही? एक फोन करायचा नाही? थेट कबाडीच्या गोणीत?

"काढून टाकले भाऊ. काहाले पाहिजेत ते पत्रे? फालतूचं वजन. आता पाहा, इंजिन कसं मोकळं दिसून राहिलं."

गॅरेजच्या मिस्त्रीचं हे वाक्य फेब्रुवारीपासून माझ्या डोक्यात घुमतंय.

माझ्याकडे १९६७ची फोक्सवॅगन पिकअप आहे. पुढे दोन तुकड्यांची काच, मागे सपाट हौदा आणि हौद्याच्या खाली, अगदी शेवटी, चार सिलिंडरचं इंजिन. पाणी नाही, रेडिएटर नाही, सगळं हवेवर. काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत गोठ्यामागे ती कित्येक वर्षं पडून होती. हौद्याखालच्या कप्प्यात कोंबड्या अंडी घालायच्या. हा कप्पा म्हणजे या गाडीची खरी ओळख. हौद्याच्या खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये, बाजूने उघडणारं कुलपाचं दार. इंजिन मागे ढकलल्यामुळे मिळालेली जागा त्या लोकांनी वाया जाऊ दिली नाही. १९५२ साली हे सुचलेल्या माणसांनी इंजिनावर उगाच पत्रे ठोकले असतील का?

चार वर्षं घातली मी तिच्यात. तळाचा गंज कापला, ब्रेकची प्रत्येक नळी बदलली, बारा व्होल्टचं सगळं वायरिंग स्वतः ओढलं. इंजिन मात्र जपूनच ठेवलं होतं. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं आणि हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवायला लागणार म्हणून ते एका गॅरेजला दिलं. तेवढीच माझी चूक.

परत आलं तेव्हा गळती बंद होती. आणि सिलिंडरच्या खालचे पत्रे नव्हते. पुलीच्या मागचा पत्रा नव्हता. इंजिनाच्या कडेने फिरणारी रबराची पट्टी नव्हती. मी हौद्यामागचं झाकण उघडलं आणि खालचा रस्ता दिसला. हे इंजिन पूर्ण जोडलेलं असेल तर वरून रस्ता दिसतच नाही. दिसताच कामा नये!

आता हे पत्रे काय करतात ते सांगतो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा ऐकावा लागतो. डायनॅमोच्या दांड्यावर एक पंखा आहे. तो इंजिनाच्या वरच्या बाजूची थंड हवा ओढतो आणि चारही सिलिंडरच्या फिनवर, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या पाकळ्यांवर, ढकलतो. ती हवा फिनच्या अगदी लगत वाहावी, मधून सटकून जाऊ नये, म्हणून खालचे पत्रे. तापलेली हवा खाली रस्त्याकडे निघून जावी, परत वर येऊन पंख्यात शिरू नये, म्हणून कडेचे पत्रे आणि रबर. झालं. एवढंच आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?

आणि हे नागपूरच्या माणसाला समजवायला लागावं याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. अरे, आपण कूलरवाली माणसं! मार्च उजाडला की खिडकीला कूलर लावतो आणि बाजूच्या फटीत पुठ्ठा कोंबतो, जुनी चादर कोंबतो. का? बाहेरची गरम झळ आत येऊ नये म्हणूनच ना? ताट्या वाकड्या बसल्या तर घरातलं शेंबडं पोरही सांगतं की हवा बाजूने पळतेय, कूलर गार करत नाहीये. तीच गोष्ट आहे ही. तोच पंखा, तीच फट. घरच्या कूलरची फट बुजवणारा माणूस माझ्या इंजिनाचे पत्रे "फालतूचं वजन" म्हणून फेकतो कसा?

एप्रिलमध्ये व्हायचं तेच झालं. बुटीबोरीहून वर्धा रोडने परत येत होतो, दुपारची वेळ. गाडीचा दम गेला, जळक्या ऑइलचा वास आला, थांबवली तर ऑइलचा दिवा लुकलुकत होता. बाजूच्या पंपावरचा पोरगा मदत म्हणून पाण्याची बादली घेऊन धावला. मी ओरडलोच त्याच्यावर. इतक्या तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं असतं तर हेड तिथेच तडकलं असतं. त्या पोराचा काय दोष म्हणा, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण मिस्त्रीला तर ठाऊक असायला हवं!

घरी येऊन कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासलं. तीन नंबरचा सिलिंडर गेला होता. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला. या वर्षांच्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, तीन नंबरच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे त्या सिलिंडरला मुळातच कमी हवा मिळते. म्हणून त्याचा स्पार्कसुद्धा कंपनीने मुद्दाम जरा उशिरा ठेवलाय. आधीच ज्याच्या ताटात कमी, त्याच्याच तोंडचा घास काढून घेतला.

आणि त्यावर ऐकायला काय मिळतं? "नागपूरच्या उन्हात एअर कूल्ड चालतच नाही भाऊ. मारुतीचं इंजिन टाकून द्या." चहाच्या टपरीवर, लग्नात, आरटीओच्या बाहेर, सगळीकडे हेच.

चालत नाही? २३ मे २०१३ला आपल्याकडे ४७.९ अंश होतं. त्या दिवशी सीताबर्डीतल्या स्कूटर कशावर चालत होत्या? बजाज चेतकचं इंजिन हवेवरच थंड व्हायचं. त्यालाही पंखा होता, आणि सिलिंडरवर पत्र्याचं कव्हर होतं. ते कव्हर कुठल्या मिस्त्रीने फेकलं नाही! बुलेट हवेवर चालली, मागे इंजिन असलेल्या रिक्षा हवेवर चालल्या. याच घराण्याचं इंजिन दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात धावलंय. हेडचं तापमान दीडशे अंशांच्या वर असतं. बाहेर ३० ऐवजी ४५ असेल तर इंजिन थोडं जास्त तापतं, पण हवा तिच्या वाटेने गेली तर मरत नाही. माझं इंजिन उन्हाने मेलं नाही, ते न बसवलेल्या पत्र्यांनी मेलं.

आणि मारुतीचं इंजिन टाकायचं म्हणजे काय? मग उरलं काय माझ्याकडे? जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांचा नियम आला. पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपातली गाडी हवी. चासिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल केला की ती व्हिंटेज राहत नाही. इंजिन बदलायचा सल्ला देणाऱ्याला हेही माहीत नसतं, आणि माहीत नसूनही सल्ला पक्का!

मी कबाडीकडे गेलो होतो. दोनदा. दुसऱ्यांदा त्याने सगळी गोणी माझ्यासमोर उलटी केली, बिचारा. माझे पत्रे तोवर लोखंडाच्या ढिगासोबत गेले होते. एकोणसाठ वर्षं गाडीसोबत राहिलेले, जर्मनीत दाबून बनवलेले पत्रे, किलोच्या भावाने.

नवीन हेड बाहेरून मागवलंय, ड्युटीसकट. पत्रे मात्र इथेच करून घेतोय, मानेवाड्याच्या एका कूलरवाल्याकडून. त्याला मी इंजिन दाखवलं, हवा कुठून येते, कुठे जाते ते बोटाने दाखवलं. अर्ध्या मिनिटात म्हणाला, "म्हणजे वरची हवा न् खालची हवा मिसळू द्यायची नाही." शाळा सोडून वीस वर्षं पत्रा वाकवणाऱ्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळलं! मग त्याने नमुना मागितला. "जुना तुकडा असेल तर आणा, त्यावरून मारून देतो."

जुना तुकडा नाहीये माझ्याकडे. रोज रात्री फोटो पाहून पुठ्ठा कापतोय, इंजिनाला लावून बघतोय, पुन्हा कापतोय. आज सातवा पुठ्ठा. एक कोपरा अजून बसत नाहीये.