दहा टक्के फ्लॅट

कर्जाच्या टेबलावर मी एवढंच विचारलं, "दर घटत्या शिलकीवर आहे का, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागेल का?" पलीकडच्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याचा पगार विचारला. "फ्लॅट दहा टक्के, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर. सगळ्यांना चालतो."

मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ मदतीला धावले. माझ्या नव्हे, त्याच्या. "अहो, शाळा सुटली, गणित सुटलं. आमचं काही अडलं का?" पुरावाही हजर: मागे पगार 20 टक्क्यांनी कापला होता, आता 20 टक्क्यांनी वाढवला. "फिट्टंफाट!" मी म्हटलं, शंभराचे ऐंशी झाले, ऐंशीचे 20 टक्के सोळा, म्हणजे शहाण्णव. बरोबरीला वाढ 25 टक्के हवी. गृहस्थ जरा विचारात पडले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही फार खोलात जाता. वीस म्हणजे वीस!" टेबलामागून हसू आलं. ते अजून डोक्यात आहे.

आता ते फ्लॅट बघा. मुद्दल 1,20,000, मुदत एक वर्ष. व्याज 12,000, हप्ता 11,000. दिसायला सोज्वळ. पण मुद्दल दरमहा दहा हजारांनी परत जात असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 1,20,000 वर. बाराव्या महिन्यात उरलेल्या दहा हजारांवर एका महिन्याचं व्याज हजार! खरा वार्षिक दर पडतो जवळजवळ 18 टक्के. घटत्या शिलकीवर दहा टक्के असते तर हप्ता साधारण 10,550 आणि एकूण व्याज 6,600 च्या आसपास.

चीड याची येते, की शाळेतून सगळ्यांच्या डोक्यात एकच सूत्र टिकतं: मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. फ्लॅटवाला नेमकं तेच वापरतो. म्हणून आकडा ओळखीचा वाटतो आणि सही होते. त्या सूत्रात मुद्दल मुदत संपेपर्यंत आपल्याचकडे असतं, हे वाक्य फळ्यावर कोणी लिहीत नाही. पाठांतराला मात्र पूर्ण गुण.

पडताळायला हुशारी लागत नाही. स्प्रेडशीटमध्ये रेट नावाचं सूत्र असतं. हप्ते 12, हप्ता उणे 11,000, मुद्दल 1,20,000. उत्तर मासिक येतं, त्याला 12 ने गुणा. तो 'उणे' विसरलात तर उत्तराऐवजी चूक दाखवतं, आणि मग गृहस्थांसारखे लोक म्हणायला मोकळे, बघा, गणिताचा काही उपयोग नसतो.