बार्बीच्या पाठीवरचं 1966 आणि लाखोंची थाप

माझ्या मावसबहिणीने परवा लेकीच्या हातातली बार्बी काढून घेतली आणि डब्यात घालून माळ्यावर टाकली. पोर रडून रडून झोपली. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'बाहुलीच्या पाठीवर 1966 असेल तर ती लाखोंची. खेळायला देऊ नका. 2016 मध्ये कंपनीने सडपातळ बार्बी बंद केली, भाव आणखी वाढणार. एक बार्बी कोटीला गेलीय. फोटो आणि 499 रुपये पाठवा, किंमत सांगू.' हाच मेसेज मला आणखी तिघींकडून आलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी ते 1966. कमरेत वळणारी बार्बी 1967 मध्ये बाजारात आली. तिच्या धडाच्या साच्यावर मॅटेलने, म्हणजे बार्बी बनवणाऱ्या कंपनीने, 1966 चा कॉपीराइट टाकला आणि तोच शिक्का पुढे नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांवरही येत राहिला. ते बाहुलीचं जन्मसाल नाही, साच्याचं साल आहे. ही बाहुली बहिणीच्या लहानपणी मामाने दुबईहून आणलेली. मी ती खाली काढून पाहिली. कमरेखाली '1966' आणि त्याच्याच खाली 'मलेशिया'. केस बाजूला सारले तर मानेवर '1976'. 1966 मध्ये बनलेल्या बाहुलीच्या मानेवर 1976 येईल कुठून? आणि हे 1976 सुद्धा साच्याचंच, 1977 च्या सुपरस्टार बार्बीच्या चेहऱ्याचं. अशा बाहुल्या ढिगाने बनल्या. खेळून केस विस्कटलेल्या बाहुलीला लाख सोडाच, हजार मिळाले तरी खूप.

खरी पहिली बार्बी 1959 ची, जपानमध्ये बनलेली. स्टँडवर उभी करायला तिच्या तळपायांना भोकं आहेत, आत धातूच्या नळ्या. नजर तिरपी. तशी कुणाच्या घरात असेल तर जरूर जपा.

कोटीचं म्हणाल तर आकडा खोटा नाही, हे मान्य करावं लागेल. 2010 मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात एका बार्बीला 3,02,500 डॉलर मिळाले. पण तिच्या गळ्यात स्टेफानो कॅन्टुरी या ऑस्ट्रेलियन जवाहिऱ्याने घडवलेला, खऱ्या गुलाबी हिऱ्याचा हार होता आणि पैसे स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनाला जाणार होते. हिरा न जडवलेल्या बाहुलीचं उदाहरण हवं असेल, तर त्याच ख्रिस्तीजच्या 2006 च्या लंडनमधल्या लिलावात 1965 ची एक बार्बी 9,000 पौंडांना गेली. लाखांत जाते ती अशी, संग्राहकाने वर्षानुवर्षं सांभाळलेली.

सडपातळ बार्बी बंद झाली हे तर साफ खोटं. 2016 मध्ये उंच, बुटकी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या ठेवणी आल्या, त्या जुनीच्या जोडीला. दुकानात जाऊन बघा, सडपातळ आजही मिळते. शिवाय बदल काही तेव्हाच झाला असं नाही. कंबर रुंद आणि छाती लहान करण्याचं कंपनीने 1997 मध्येच जाहीर केलं होतं.

उरले 499 रुपये. जी किंमत मान आणि पाठ बघून घरबसल्या कळते, तिच्यासाठी अनोळखी माणसाला पैसे देऊ नका. दिले असतील तर लाजू नका, 1930 या सायबर हेल्पलाइनवर आजच तक्रार करा.