‘पंधरा मिनिटांत सगळे फोटो उडवले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार. दादरच्या दुकानाचा मालक मीच. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की फोन नुसता लोगोवर अडकला होता, आम्ही कॉम्प्युटरला लावून पंधरा मिनिटांत सगळे फोटो उडवले, त्यात मुलीच्या बारशाचेही गेले, वर ९०० रुपये घेतले, आणि हे घरी यूट्यूब बघून फुकटात झालं असतं.

फोटो गेले हे खरं आहे. पंधरा मिनिटांत मात्र नाही.

शनिवारी संध्याकाळी तुमचा भाऊ फोन ठेवून गेला. आयफोन ११, ६४ जीबीचा, जवळजवळ भरलेला. जागा नसताना अपडेट टाकलं होतं, ते अर्धवट राहिलं. सफरचंद यायचं, जायचं, परत यायचं. आम्ही आधी आवाज वाढवायचं बटण दाबून सोडलं, मग कमी करायचं, मग बाजूचं धरून ठेवलं. सफरचंद दिसलं की बरेच जण बोट उचलतात आणि तिथेच फसतात. केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत धरावं लागतं. त्याला रिकव्हरी मोड म्हणतात.

इथे कॉम्प्युटर दोन पर्याय देतो, अपडेट आणि रिस्टोर. अपडेटने सिस्टिम नव्याने बसते आणि तुमचा डेटा जागेवर राहतो. रिस्टोरने फोन कोरा होतो. यूट्यूबवाले हे एका वाक्यात उरकतात, पण सगळा खेळ त्या दोन बटणांचा आहे. आम्ही आधी अपडेटच दाबलं. सिस्टिमची फाइल काही जीबीची असते, आणि ती इंटरनेटवरून उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागला तर फोन आपणहून रिकव्हरीतून बाहेर पडतो. म्हणून आम्ही ती आधीच उतरवून ठेवतो आणि कीबोर्डवरचं शिफ्ट धरून अपडेटवर क्लिक करून ती निवडतो. पहिल्यांदा ४०१३ एरर आला. तो बऱ्याचदा केबलमुळेही येतो, म्हणून केबल बदलली, पोर्ट बदलला. दुसऱ्यांदा पट्टी पाऊणपर्यंत गेली आणि परत तोच एरर. एव्हाना नऊ वाजत आले होते.

आता आमची चूक. रिस्टोर करण्याआधी तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि दुकानात कामाला असलेल्या मुलाने फोन लावलाही. पण पावतीवर भावाने जो नंबर लिहून दिला होता तो तुमचाच, म्हणजे आमच्या टेबलावर मेलेल्या फोनचाच! ‘स्विच ऑफ’ ऐकून मुलाने नाद सोडला. भाऊ जाताना म्हणाला होता, ‘काहीही करा, पण आजच द्या.’ बॅकअपचं विचारलं तर म्हणाला, ‘असेल.’ या ‘असेल’वर मुलाने रिस्टोर दाबलं. मी तेव्हा दुकानात नव्हतो, पण दुकान माझं आहे. फोन रात्रभर तसाच ठेवून सकाळी दुसऱ्या कॉम्प्युटरवर अजून एकदा अपडेट करून बघता आलं असतं. झालंच असतं असं नाही म्हणत, पण बघायला हवं होतं. म्हणून ९०० रुपये परत.

फोटोंबद्दल स्पष्टच सांगतो. आयफोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि रिस्टोर करताना त्या कुलपाची किल्लीच पुसली जाते. त्यामुळे या फोनमधून ते फोटो आता कुणालाही काढता येणार नाहीत. कुणी चार-पाच हजारांत काढून देतो म्हणालं तर कृपया देऊ नका. पण आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत, तुमच्या ॲपल आयडीने एकदा जरूर बघा. फुकट जागा ५ जीबीच असते, ती भरेपर्यंतचे काही फोटो तिथे असू शकतात. आयक्लाउडवर फोटो जाणं चालू नसलं तरी व्हॉट्सॲपचा बॅकअप तिथे वेगळा जातो, तोही तपासा. आणि बारशाचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले होते का? आत्या, मावशी, कुणीतरी ते डाउनलोड केलेले असतात. जुने फोटो डिलीट करायचे माझ्या आईच्या जिवावर येतं, त्यामुळे तिच्या फोनमध्ये आमच्या सगळ्या खानदानाची बारशी आहेत.

सोमवारपासून पावतीवर दुसरा नंबर, म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाचा, घेतल्याशिवाय फोन ठेवून घेत नाही. ‘डेटा गेला तर चालेल का’ असा रकानाही केलाय, त्यावर ज्याचा फोन त्याचीच सही. काल एक काका त्यावरून चिडले आणि फोन घेऊन निघून गेले. जाऊ देत.

फोन पावतीसकट घेऊन या, ॲपल आयडीचा पासवर्ड आठवून या. सकाळी अकराच्या आत आलात तर गर्दी नसते, मी स्वतः बसून आयक्लाउड बघून देतो. गुरुवारी दुकान बंद असतं.